भाडोत्री शिपायाची साक्ष : एका लेखाचें शोधन

१. प्रयोजन

गेल्या पावसाळ्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें एक लेख तपासण्याकरितां परभणीस माझ्याकडे पाठविला. हा विद्यार्थी आतां स्वतः अध्यापक असून एका संदर्भग्रंथाकरितां नोंदी लिहीत असतो. लेखाचा विषय 'सोल्जर ऑफ फॉर्च्यून' हें अमेरिकेंतील मासिक. वेतन घेऊन परमुलखांत लढावयास जाणाऱ्या शिपायांच्या व्यवसायास वाहिलेलें हें मासिक रॉबर्ट ब्राऊन या माजी सैनिकानें १९७५ सालीं कोलोराडो राज्यांतील बोल्डर या गांवीं सुरू केलें. जन्मभर रघुवंश आणि सिद्धान्तकौमुदी शिकविलेल्या माणसानें असल्या मासिकाविषयीं काय सांगावें, या विचारानें मी लेख तसाच परत करणार होतों. परंतु त्याचा उत्तरार्ध वाचूं लागतांच हात थांबला.

उत्तरार्धांत 'आपल्याकडील पूर्वपरंपरा' म्हणून गारदी, आरब आणि फिरंगी सरदार यांची हकीकत दिली होती, व तिच्याखालीं आधार म्हणून माझेंच नांव होतें. सुमारें तीस वर्षांपूर्वीं शाळेच्या वार्षिक अंकाकरितां मीं या विषयावर चार पानें लिहिलीं होतीं. तीं पानें विद्यार्थ्यानें जपून ठेविलीं व त्यांतील विधानें जशींच्या तशीं उचललीं. मीं मात्र त्या चार पानांत एकाही विधानास आधार दिला नव्हता. कांहीं वाचलेलें, कांहीं ऐकलेलें, कांहीं वर्गांत सांगून सांगून खरें वाटूं लागलेलें, असें तें मिश्रण होतें. ज्यास मूळ नाहीं असें कांहीं लिहावयाचें नाहीं, ही मल्लिनाथाची प्रतिज्ञा मीं वर्गांत शेंकडों वेळां समजावून सांगितली असेल. तीच मोडून लिहिलेला माझा मजकूर आतां दुसऱ्या ग्रंथाचें मूळ होऊं पाहत होता.

तेव्हां दोन्ही लेखांची शुद्धि एकदमच करावी असें ठरविलें. तीं करतांना जी पद्धति हातीं लागली ती या विषयावर लिहिणाऱ्या इतरांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें मांडीत आहें. पद्धतीचें सार एवढेंच: भाडोत्री शिपायाविषयींचा मजकूर तीन प्रकारच्या माणसांनीं लिहिलेला असतो. एक तो शिपाई स्वतः. दुसरा त्याचा शत्रु. तिसरा त्याचा धनी. पहिल्यास कीर्ति हवी असते, दुसऱ्यास आपला विजय न्याय्य ठरवावयाचा असतो, तिसऱ्यास बहुधा त्याची बाकी द्यावयाची असते. यास्तव प्रत्येक विधानाबरोबर तें कोणाच्या तोंडचें आहे हें सांगितल्याखेरीज नोंद पुरी होत नाहीं.

२. मासिकाविषयींची नोंद

प्रथम नव्या विषयाची दुरुस्ती सांगतों, कारण तींत दोष स्पष्ट दिसतो. विद्यार्थ्यानें लिहिलें होतें कीं, या मासिकांत छापलेल्या एका जाहिरातीवरून खून झाला, व त्याबद्दल न्यायालयानें मासिकास ९४ लाख डॉलर भरावयास लाविले. हें विधान पुष्कळ ठिकाणीं आढळतें असें त्याचें म्हणणें. परंतु पुष्कळ ठिकाणीं आढळणें म्हणजे पुष्कळ साक्षी मिळणें नव्हे.

निकालपत्रें पाहतां प्रकरणें दोन आहेत. दोन्हींतील खून १९८५ सालचे, व दोन्हींत मारेकरी मासिकांतील खासगी जाहिरातींच्या द्वारें मिळाले होते. पहिलें प्रकरण टेक्सास राज्यांतील. तेथें १९८८ सालीं पंचांनीं ९४ लाख डॉलर देवविले हें खरें; पण १९८९ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो निकाल फिरविला. त्या जाहिरातीचे शब्द द्व्यर्थी होते, ते वाचून प्रकाशकानें गुन्ह्याची शंका घेतलीच पाहिजे होती असें म्हणतां येत नाहीं, असा त्या निकालाचा आशय. दुसऱ्या प्रकरणांतील खून जॉर्जिया राज्यांतील ॲटलांटा येथें झाला. तेथें जाहिरातीच्या शब्दांतच धोका उघड दिसत होता असें ठरून, पंचांनीं दिलेली रक्कम न्यायाधीशानें कमी केल्यावर उरलेले ४३ लाख ७५ हजार डॉलर १९९२ सालीं वरिष्ठ न्यायालयांत कायम झाले. विद्यार्थ्याच्या वाक्यांत रक्कम पहिल्या प्रकरणाची व परिणाम दुसऱ्याचा होता. दोन खऱ्या गोष्टी जोडून एक खोटी गोष्ट तयार झाली होती.

दुसरी दुरुस्ती काळाची. 'मासिक प्रसिद्ध होतें' असें वर्तमानकाळीं लिहिलें होतें. छापील अंक २०१६ सालीं बंद झाले, व पुढें तें केवळ संगणकजालावर चालूं राहिलें. तिसरी दुरुस्ती साक्षीदाराची. मासिकाच्या लोकांनीं अमुक युद्धांत काय काय केलें याचा सारा वृत्तान्त मासिकाच्याच पानांवरून घेतला होता. तो त्याज्य नाहीं. परंतु 'असें झालें' या शब्दांऐवजीं 'असें मासिक म्हणतें' हे शब्द तेथें पाहिजेत. इतकें सांगून झाल्यावर माझ्या स्वतःच्या चार पानांकडे वळणें भाग होतें. त्यांत ठळक अशा चार चुका सांपडल्या.

३. शब्दाची चूक

पहिली चूक शब्दाची. 'जो पगारासाठीं लढतो तो भाडोत्री, आणि जो भाडोत्री तो बेइमान', असें मीं एका दमांत लिहून गेलों होतों. पगाराची कसोटी लावली तर अठराव्या शतकांत भाडोत्री नाहीं असा शिपाई मिळणें कठीण. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर पगारी होता. स्वतःचा घोडा आणणारा शिलेदारही ठरलेला पैसा घेत असे. मराठी शिलेदार एका सरदाराची चाकरी सोडून दुसऱ्याची धरी, त्यास आपण भाडोत्री म्हणत नाहीं. आरबानें तेंच केलें तर म्हणतों.

आजच्या आंतरराष्ट्रीय कायद्यानें ही व्याख्या फार आवळून धरली आहे. जिनीव्हा करारांस १९७७ सालीं जोडलेल्या पहिल्या पुरवणी करारांतील ४७ व्या कलमांत सहा लक्षणें दिलीं असून तीं सहाही एकत्र असलीं तरच माणूस त्या संज्ञेस पात्र होतो. खासगी लाभाचा हेतु असणें, व तत्सम दर्जाच्या सैनिकाहून पुष्कळ अधिक मोबदल्याचें वचन मिळालेलें असणें, हें त्यांतलें एक. लढणाऱ्या पक्षाचा तो नागरिक किंवा रहिवासी नसणें हें दुसरें. मागील शतकांतील माणसांस हा कायदा लावावयाचा नाहीं. परंतु लक्षणें निवडतांना किती काळजी घ्यावी लागते हें त्यावरून कळतें.

'गारदी' हा शब्द फ्रेंचांच्या 'गार्द' या शब्दापासून आला. कवायती पद्धतीनें बंदूक चालविणारा पायदळ शिपाई एवढाच त्याचा मूळ अर्थ. त्यांत जात, धर्म किंवा देश यांचा बोध नाहीं. 'आरब' हा शब्द देशवाचक. दक्षिणेंतील आरब शिपाई बहुतेक हद्रमौत प्रांतांतून आलेले, व पिढ्यान् पिढ्या येथेंच राहिलेले. आमच्या जिल्ह्यांत 'चाऊस' हें आडनांव सर्वांच्या परिचयाचें आहे. लष्करांतील लहानशा अधिकाऱ्याचें नांव असलेला तो तुर्की शब्द आरब पलटणींच्या मार्गानें आमच्याकडे कुलनाम होऊन बसला. ज्यांचीं घरें, शेतें व कबरी या मातींत आहेत त्यांस परके भाडोत्री म्हणून एका शब्दानें निकालांत काढणें हें नुसतें अशास्त्र नव्हे, अन्यायाचेंही आहे. माझ्या वर्गांत या घरांतील मुलें बसत होतीं, आणि त्यांच्या हातीं तो वार्षिक अंक मींच दिला होता.

४. शिपाई स्वतःविषयीं बोलतो

दुसरी चूक फिरंगी सरदारांविषयींची. 'खर्ड्यास द बॉयन या फ्रेंच सेनापतीनें शिंद्यांचे कंपू लढविले', असें माझें वाक्य होतें. यांत दोन चुका आहेत. बनवा द बॉयन हा १७५१ सालीं शांबेरी येथें जन्मलेला सव्हॉयचा मनुष्य. त्या वेळीं सव्हॉय हा फ्रान्सचा भाग नसून सार्डिनियाच्या राजाचा मुलूख होता. तो फ्रान्सास कायमचा जोडला गेला १८६० सालीं. महादजी शिंद्यांच्या पदरीं राहून १७९० सालीं पाटण व मेडतें येथील लढाया द बॉयननें जिंकल्या; परंतु ११ मार्च १७९५ रोजीं खर्ड्यास शिंद्यांच्या कवायती पलटणींवर पेरों होता. हा खरोखरीच फ्रेंच. द बॉयन तेव्हां उत्तर हिंदुस्थानांत असून त्याच वर्षाच्या अखेरीस त्यानें शिंद्यांची नोकरी सोडली. निजामाकडील पलटणींचा मुख्य रेमों, तोही फ्रेंच. या दोघां फ्रेंचांच्या मध्यें माझ्या स्मरणशक्तीनें तिसऱ्यास नेऊन बसविलें.

'सारे फिरंगी म्हणजे फ्रेंच' ही समजूत किती फसवी आहे याचें आणखी एक उदाहरण जॉन पार्कर बॉइड याचें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांताचा हा गृहस्थ आधीं निजामाकडे व पुढें पेशव्यांकडे नोकरीस राहिला. मायदेशीं परतल्यावर तो तेथील सैन्यांत सेनापतिपदास चढला, व १८१३ सालीं इंग्रजांशीं झालेल्या क्रायस्लर्स फार्मच्या लढाईंत हरला. 'सोल्जर ऑफ फॉर्च्यून' मासिक निघण्याच्या सुमारें पावणेदोनशें वर्षें आधीं अमेरिकेचा शिपाई पोटासाठीं पुण्यापर्यंत येऊन गेला होता.

या मंडळींची माहिती आपणांस मिळते कोठून? जॉर्ज टॉमस या आयरिश सरदारानें मराठे सरदार आपा खंडेराव याच्या नोकरींतून वर चढून पुढें हांशी येथें स्वतःचें राज्य थाटलें. त्याचें चरित्र फ्रँक्लिन यानें टॉमसनेंच पुरविलेल्या माहितीवरून लिहून १८०३ सालीं कलकत्त्यास छापिलें. शिंद्यांच्या कंपूंतील लुई फर्डिनंड स्मिथ यानें या पलटणींचा इतिहास १८०५ सालीं तेथेंच प्रसिद्ध केला. जेम्स स्किनर याच्या आठवणींवरून बेली फ्रेझर यानें लिहिलेलें पुस्तक १८५१ सालचें. आणि १८९२ सालीं हर्बर्ट कॉम्प्टन यानें या सर्वांच्या आधारें आपला प्रसिद्ध ग्रंथ रचला. पुढचे लेखक बहुधा कॉम्प्टनवरून लिहितात.

म्हणजे एखादी गोष्ट स्मिथ, कॉम्प्टन व कॉम्प्टननंतरचे दहा लेखक सांगत असले तरी साक्षी बारा होत नाहींत, एकच होते. शिवाय स्मिथ व स्किनर हे दोघेही १८०३ सालीं, शिंदे व इंग्रज यांचें युद्ध जुंपतांच, शिंद्यांकडून निघून इंग्रजांच्या आश्रयास गेले. पेरोंविषयीं व शिंद्यांविषयीं ते जें लिहितात तें नोकरी सोडण्याचें समर्थनही असतें. तर्कसंग्रहांत 'आप्त' म्हणजे जसें आहे तसें बोलणारा असें सांगितलें आहे. स्मिथ पलटणींची रचना, बंदुकांची तऱ्हा व कवायतीची रीत सांगतो तेव्हां तो पुष्कळ अंशीं आप्त आहे, कारण त्या बाबतींत त्यास खोटें बोलून लाभ नाहीं. जुन्या धन्याचे दोष सांगतो तेव्हां तसें म्हणवत नाहीं. एकाच पुस्तकाचीं सर्व पानें सारख्या किंमतीचीं धरूं नयेत, हा यांतून निघणारा नियम.

५. शत्रु बोलतो

तिसरी चूक आमच्या शेजारची, आणि मला सर्वांत अधिक लागलेली. १८१९ च्या जानेवारींत हटकरांचा नाईक नौसाजी याच्या नव्हा येथील गढीस निजामाच्या फौजेनें मेजर पिटमन याच्या हाताखालीं वेढा घातला व अखेर हल्ला करून ती घेतली. हें ठिकाण आजच्या नांदेड जिल्ह्यांत हदगांवच्या बाजूस आहे. आंत आरब शिबंदी होती. तींतील बहुतेक माणसें मारलीं गेलीं. मीं लिहिलें होतें: 'नव्ह्याच्या लुटारू आरबांचा बंदोबस्त झाला.'

'लुटारू' व 'बंदोबस्त' हे दोन शब्द मला कोणी दिले याचा शोध घेतां ते कंपनीच्या लष्करी लिखाणांतून उतरत आले आहेत असें दिसलें. या वेढ्याचा वृत्तान्त आपण वाचतों तो हल्ला करणाऱ्यांच्या अधिकाऱ्यांनीं लिहिलेला, व १९०५ सालीं बर्टन यानें लिहिलेल्या हैदराबाद कंटिंजंटच्या इतिहासांत एकत्र केलेला. 'नोवा' हें नांव त्या फौजेच्या पलटणींच्या निशाणांवर विजयचिन्ह म्हणून चढलें. आंतल्या आरबांनीं लिहिलेली एकही ओळ या वृत्तान्तास जोडलेली नाहीं. ज्या खटल्यांत प्रतिवादीचें म्हणणें कागदावर नाहीं, त्या खटल्याचा निकाल मीं शालेय मुलांकरितां दीड ओळींत देऊन टाकिला होता.

त्याच सुमारच्या दुसऱ्या एका वेढ्याशीं याची तुलना करून पाहावी. १८१८ च्या जूनांत मालेगांवच्या किल्ल्यांतील आरबांनीं कर्नल मॅकडॉवेल यास किल्ला स्वाधीन केला. स्वाधीन होण्यापूर्वीं त्यांनीं लेखी वचन मागितलें, व तें वचन मराठींत लिहून देण्यांत आलें. त्या मराठी कागदाचा शब्दशः अर्थ केला तर कर्नलच्या मनांत होतें त्याहून किती तरी अधिक आरबांस मिळत होतें. पुढें यावर वाद झाला. आम्ही फक्त प्राणदान कबूल केलें, असें एक म्हणणें. कागदांत आमच्या हिताचें व पगाराचें बोलणें आहे, असें दुसरें. शेवटीं कागदांतील शब्दांस मान देण्यांत आला.

मालेगांवचे व नव्ह्याचे आरब एकाच जातीचे शिपाई, एकाच प्रकारची चाकरी करणारे. पहिल्यांच्या हातीं चार ओळी मराठी होत्या, म्हणून इतिहासांत त्यांची बाजू नोंदली गेली. दुसऱ्यांच्या हातीं त्या नव्हत्या. कागद असणें व नसणें यांत माणसाच्या नांवाचा किती फरक पडतो, हें याहून स्पष्ट कशानें दिसणार?

शत्रूची साक्ष वाचतांना आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. नव्हा घेणारी फौज तरी कोणाची होती? पगार निजामाच्या खजिन्यांतून, अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटाच्या मनाप्रमाणें. हेन्री रसेल या रेसिडेंटाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ब्रिगेडीपासून ही फौज वाढत गेली व हैदराबाद कंटिंजंट या नांवानें स्थिरावली. तिची एक मोठी छावणी हिंगोलीस होती. ती १९०३ पर्यंत टिकली. १९९९ पर्यंत हिंगोली आमच्या परभणी जिल्ह्यांतच मोडत असे. या फौजेच्या खर्चाची बाकी वाढत जाऊन तिच्यापायीं १८५३ च्या तहानें निजामास वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं करावें लागलें. परक्या देशांतून येऊन निजामाचा पैसा घेणारा आरब जमादार कंपनीच्या कागदांत 'भाडोत्री' ठरतो; त्याच खजिन्यांतून पैसा घेणारा इंग्रज कप्तान 'अधिकारी' ठरतो. दोघांमध्यें भेद होता हें मी नाकारीत नाहीं. एका पाठीमागें साम्राज्य होतें, दुसऱ्यामागें नव्हतें. परंतु तो भेद शब्दांत लपवूं नये, उघड सांगावा. माझें वाक्य आतां असें केलें आहे: 'नव्ह्याच्या गढींतील आरब शिबंदी १८१९ च्या जानेवारींत निजामाच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेशीं लढतां बहुतेक मारली गेली, हा वृत्तान्त विजयी पक्षाचा आहे.'

६. धनी बोलतो

चौथी चूक गारद्यांविषयींची. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. खून करणाऱ्या गारद्यांचे मुखिये सुमेरसिंग, खरकसिंग व महमद इसफ. रघुनाथराव या कटांत होते असा निर्णय रामशास्त्र्यांनीं दिला. इतकें सर्वमान्य आहे. मीं मात्र याच्या पुढें जाऊन, 'धरावें' या शब्दाचा आनंदीबाईनें 'मारावें' केला, तेंही सिद्ध गोष्ट म्हणून लिहिलें होतें. 'ध चा मा करणें' हा वाक्प्रचार मराठींत इतका रुळला आहे कीं त्यास पुरावा विचारणें कोणास सुचत नाहीं. परंतु तो फिरविलेला कागद आज आपल्यापुढें नाहीं. वाक्प्रचार हा लोकांच्या समजुतीचा पुरावा आहे, घटनेचा नव्हे. एका स्त्रीच्या माथीं अडीचशें वर्षें हा आरोप आहे. नोंदींत त्यास स्थान द्यावयाचें तर 'अशी कथा प्रचलित आहे, मूळ कागद उपलब्ध नाहीं', एवढेंच द्यावें.

शनवारवाड्याच्या प्रसंगानें 'गारदी' हा शब्द मराठींत शिवीसारखा झाला. यास्तव त्याच्या बारा वर्षें आधींचा पानिपतचा प्रसंग शेजारीं ठेवणें अवश्य आहे. १४ जानेवारी १७६१ रोजीं इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या डाव्या बगलेस रोहिल्यांशीं भिडला; त्याच्या पलटणींचा बहुतेक संहार झाला; तो स्वतः शत्रूच्या हातीं सांपडून मारला गेला. यापूर्वीं तो निजामाकडे होता, म्हणजे धनी बदललेला मनुष्य. तरी निर्वाणीच्या वेळीं तो हलला नाहीं. 'भाडोत्री म्हणून बेइमान' हें माझें समीकरण या एका उदाहरणानेंच मोडतें.

येथेंही साधनांचा विवेक पाहिजे. त्या दिवशीं सकाळीं इब्राहिमखान भाऊसाहेबांपाशीं आला, आणि आपल्या लोकांच्या दरमहाच्या पगारासाठीं मीं आपणांस त्रास दिला, आतां पगार थकला आहे तरी आज आमची चाकरी पाहावी, अशा आशयाचें बोलला, अशी हकीकत काशीराज पंडितानें दिली आहे. गोष्ट मनास चटका लावणारी आहे व मी ती वर्गांत सांगत असें. परंतु काशीराज हा शुजाउद्दौल्याच्या पदरचा, म्हणजे समोरच्या छावणींतला. आणि त्यानें आपला फार्सी वृत्तान्त लिहिला १७८० सालीं, लढाईनंतर एकोणीस वर्षांनीं. रणभूमीवर गारद्यांचें काय झालें हें सांगण्यास तो चांगला साक्षीदार आहे. भाऊसाहेबांच्या डेऱ्यापुढील संभाषण त्यानें ऐकलेलें असणें शक्य नाहीं. यास्तव पहिली गोष्ट 'झाली' म्हणून लिहावी, दुसरी 'काशीराज सांगतो' म्हणून.

पण त्या संभाषणांत एक गोष्ट अशी आहे कीं जिला दुसरीकडून पुष्टि मिळते: थकलेला पगार. कवायती पलटणींचा इतिहास पाहूं जातां हें सूत्र सर्वत्र सांपडतें. २२ ऑक्टोबर १७९८ रोजीं हैदराबादेस निजामाच्या फ्रेंच पलटणी इंग्रजांनीं निःशस्त्र केल्या, तेव्हां शिपाई थकलेल्या पगाराकरितां आपल्याच अधिकाऱ्यांवर उठलेले होते. मालेगांवच्या कागदांत पगाराचें बोलणें होतें. नारायणरावांच्या वाड्यांत गारदी शिरले तेही पगाराच्या तक्रारीचें निमित्त करूनच. आपण ज्यास शिपायाची निष्ठा किंवा बेइमानी म्हणतों, तिचा मोठा भाग धन्याच्या हिशेबांत लिहिलेला असतो.

म्हणून धन्याच्या साक्षींपैकीं बखरीपेक्षां हिशेबास, व हिशेबांतही ज्या कागदावर देणें कबूल केलें आहे त्यास, मी अधिक मान देतों. हजिऱ्या, नेमणुकांच्या यादी, वराता, कर्जाचीं खतें हे कागद कोणाची कीर्ति गाण्यासाठीं लिहिलेले नसतात. धनी आपल्या अडचणीच्या गोष्टी बखरींत लिहीत नाहीं. पण बाकी किती राहिली हें कारकुनास लिहावेंच लागतें. राजवाड्यांनीं १८९८ पासून प्रसिद्ध केलेलीं साधनें, वासुदेवशास्त्री खऱ्यांचा ऐतिहासिक लेखसंग्रह व सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत संपादिलेले पेशवे दप्तराचे ४५ भाग हे छापील ग्रंथ कोणत्याही बऱ्या ग्रंथालयांत मिळतात. मीं तीस वर्षांपूर्वीं ते चाळले असते तर वरील चुकांपैकीं निदान दोन टळल्या असत्या. तेव्हां वेळ नव्हता असें म्हणण्यांत अर्थ नाहीं. वेळ होता, शंका आली नाहीं.

७. नोंद कशी लिहावी

या सर्व खटाटोपांतून निघालेले नियम विद्यार्थ्यास लिहून पाठविले. ते येथें संक्षेपानें देतों. (१) विधानाबरोबर साक्षीदार सांगावा. तो शिपाई, शत्रु कीं धनी हेंही सांगावें. (२) एकमेकांवरून लिहिणाऱ्या दहा ग्रंथांस एकच साक्ष समजावें, व मूळ ग्रंथापर्यंत जावें. (३) निकाल, तह व करार यांचा शेवट पाहावा. खालच्या न्यायालयाचा निकाल व वरच्याचा, कागदांतील शब्द व त्याचा पुढें लावलेला अर्थ, हे दोन्ही नोंदावे. (४) लुटारू, बंडखोर, बंदोबस्त, भाडोत्री असे शब्द येतील तेथें ते कोणाचे आहेत हें विचारावें, व आपले नसतील तर आपल्या वाक्यांत घेऊं नयेत. (५) भाषण व संवाद यांस घटनेपेक्षां एक पायरी खालीं ठेवावें. (६) जेथें एका पक्षाची साक्ष नाहीं, तेथें ती नाहीं असें लिहावें. ती जागा तर्कानें भरूं नये.

हे नियम नवे नाहींत. संशोधनाच्या क्षेत्रांतील वडील मंडळींनीं ते पूर्वींच घालून दिले आहेत. परंतु शिक्षकाच्या लेखणीस ते विशेष लागू आहेत, कारण त्याचे वाचक त्यास पुरावा मागत नाहींत. विद्वानाची चूक दुसरा विद्वान दाखवितो. शिक्षकाची चूक पिढ्यांच्या वह्यांत उतरते.

लेख परत पाठवितांना आधारांच्या यादींतून माझें नांव मीं स्वतः खोडलें. विद्यार्थ्यास तें रुचलें नाहीं. 'गुरुजी, सुरुवात तर आपणच करून दिलीत', असें त्यानें कळविलें. सुरुवात करून देणें हा आधार होत नाहीं, एवढेंच त्यास उत्तर दिलें. तीस वर्षांपूर्वींच्या वार्षिक अंकाच्या ज्या प्रती अजून गांवांत असतील त्यांत या दुरुस्त्यांचें पान घालावयाचें काम हातीं घेतलें आहे. आजवर सात प्रती सांपडल्या, त्यांपैकीं दोन चाऊस मंडळींच्या घरीं होत्या.

शेवटीं एक विनंती. परभणी, हिंगोली व नांदेड या जिल्ह्यांत जुन्या देशमुख-देशपांड्यांच्या, नाइकांच्या व जमादारांच्या घरीं मोडी, फार्सी व आरबी कागद अजून असण्याचा संभव आहे. त्यांत एखादी शिबंदीची हजिरी, एखाद्या आरब जमादाराचें कर्जखत, एखादी पगाराची फारखती निघाली तर तिची किंमत छापील इतिहासाच्या शंभर पानांहून अधिक आहे. असे कागद कोणापाशीं असतील त्यांनीं ते रद्दींत घालण्यापूर्वीं निदान त्यांची नक्कल करूं द्यावी. नव्ह्याच्या गढींतील माणसांची बाजू सांगणारा कागद कदाचित् असाच एखाद्या पेटींत पडलेला असेल. वरील विवेचनांत कांहीं प्रमाद राहिले असल्यास जाणत्यांनीं ते आधारासह दाखवावे. पुढील अंकांत मी ते कृतज्ञतेनें प्रसिद्ध करीन.